यंदा किती येतील, किती टिकतील?

बारावीचा निकाल लागला की वरिष्ठ महाविद्यालयांच्या कार्यालयांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा पहिल्या वर्षाची तुकडी भरणार का? तासिका तत्त्वावर किती जण घ्यावे लागतील, याचा हिशेब प्राचार्यांना करायचा असतो. वसतिगृहाच्या रेक्टरला मेसवाल्याला आकडा सांगायचा असतो. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडून काचसामान मागवायचं असतं. आणि उत्तर बहुतेक वेळा एखाद्या जुन्या हेडक्लार्ककडून येतं : "गेल्या वर्षीएवढेच येतील साहेब, पाच-दहा इकडंतिकडं."

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. ‘मागच्या वर्षीचाच आकडा’ हा फार चिवट प्रतिस्पर्धी आहे. कोणी कंपनीवाला "आमची एआय प्रणाली तुमचे प्रवेश आणि गळती दोन्ही सांगेल" म्हणत आला, तर त्याला एवढंच विचारा : मागच्या चार वर्षांत तुमची प्रणाली किती चुकली असती आणि आमचे हेडक्लार्क किती चुकले असते? दुसरा आकडा लहान निघाला तर चहा पाजून निरोप द्या.

हा लेख प्राचार्य, विभागप्रमुख, आयक्यूएसीचे समन्वयक आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक यांच्यासाठी आहे. यातलं निम्मं काम एक्सेलमध्ये होतं. उरलेल्या निम्म्यासाठी ‘आर’ पुरतं. ते फुकट मिळतं, आणि संख्याशास्त्राचा विभाग असलेल्या बहुतेक महाविद्यालयांत ते येणारं कोणीतरी असतंच.

प्रवेशाचा अंदाज

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अंदाज सोपा असतो, तो आधी उरका. गेल्या चार-पाच वर्षांत पहिल्या वर्षाच्या १०० मुलांपैकी दुसऱ्या वर्षाला किती आले, दुसऱ्यातून तिसऱ्याला किती गेले, ही प्रमाणं काढा आणि अलीकडच्या वर्षांना थोडं जास्त वजन देऊन सरासरी घ्या. समजा पहिलं ते दुसरं हे प्रमाण ०.८० आणि दुसरं ते तिसरं ०.८८ आलं, तर आजच्या १२० मुलांतली ९६ पुढच्या वर्षी आणि साधारण ८४ त्याच्या पुढच्या वर्षी दिसतील. एटीकेटीचे नियम विद्यापीठाने बदलले, तर जुनं प्रमाण त्या वर्षापुरतं बाजूला ठेवा. एवढंच पथ्य.

पहिलं वर्ष मात्र घाम काढतं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात : अर्ज किती येतील, आणि गुणवत्ता यादीत नाव लागलेल्यांपैकी खरोखर फी भरायला किती येतील. पहिला आकडा चटकन डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे त्यावरच बोलतात. तुकडी भरते ती दुसऱ्यावर.

दुसरा आकडा काढताना सगळ्या मुलांना एकच टक्केवारी लावू नका. आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं, तालुक्यातली इतर मुलं आणि बाहेरच्या जिल्ह्यातली मुलं यांची वागणूक निराळी असते. समजा यादीत आपली ६० मुलं आहेत आणि आजवरचा अनुभव सांगतो की अशांतली ७० टक्के येतात. तालुक्यातली १०० आहेत, त्यांतली ४० टक्के येतात. बाहेरची १२० आहेत, त्यांतली १५ टक्केच येतात. म्हणजे ४२ अधिक ४० अधिक १८, एकूण १००. याद्या लागल्यावर दोन तासांत होणारं हे काम आहे. यात अनुदानित-विनाअनुदानित, विषयगट, मुलगे-मुली असे आणखी कप्पे पाडता येतात. पण कप्प्यात २०-२५ मुलंच उरू लागली की थांबा. त्या टक्केवारीत माहितीपेक्षा योगायोग जास्त असतो.

आता हा १००चा आकडा प्राचार्यांच्या टेबलावर एकटा पाठवू नका. प्रत्येक मूल आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतं असं धरलं, तर वरच्या उदाहरणात प्रमाण विचलन सातच्या जवळपास येतं. म्हणजे प्रत्यक्ष आकडा साधारण ८६ ते ११४ यांच्या दरम्यान पडेल. व्यवहारात ही रुंदीसुद्धा कमी पडते, कारण मुलं स्वतंत्रपणे निर्णय घेत नाहीत. एक मैत्रीण फार्मसीला गेली की तिच्यामागे आणखी चौघी जातात. अभियांत्रिकीची कॅप फेरी पंधरा दिवस लांबली की बीएस्सीच्या अख्ख्या वर्गाचे पाय अधांतरी राहतात. म्हणून पुस्तकी सूत्रावर विसंबू नका. हीच पद्धत मागच्या चार-पाच वर्षांना लावा, दर वर्षी ती किती चुकली असती ते लिहा आणि सगळ्यांत मोठ्या चुकीएवढी रुंदी यंदाच्या अंदाजाला द्या. तासिका तत्त्वावरच्या नेमणुका रुंदीच्या खालच्या टोकाला धरून करा, प्रयोगशाळेच्या जागेचा आणि काचसामानाचा विचार वरच्या टोकाला धरून. एकाच अंदाजातून दोन खात्यांना दोन वेगळे आकडे देण्यात काहीही गैर नाही. जादा मागवलेलं काचसामान पुढच्या वर्षी वापरता येतं, जादा नेमलेल्या माणसाला मात्र दिवाळीआधी घरी पाठवावं लागतं.

कॅपचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. विज्ञान शाखेत ‘प्रवेश घेऊन ठेवलेली’ मुलं पुष्कळ असतात. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग यांच्या फेऱ्या संपेपर्यंत ती तुमच्या पटावर असतात, नंतर दाखला काढून नेतात. त्यामुळे "पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी?" या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. यादी बंद झाली त्या दिवशीचा, शेवटची कॅप फेरी संपल्यावरचा आणि परीक्षेचे फॉर्म भरून झाल्यावरचा, असे तीन आकडे दर वर्षी वेगवेगळे नोंदवा. दोन वर्षांच्या तुलनेत एका वर्षाचा पहिला आणि दुसऱ्या वर्षाचा तिसरा आकडा घेतला, की नसलेली घट दिसते नाहीतर असलेली घट लपते.

जुना नियम मोडणारी वर्षं

मागच्यावरून पुढचं सांगायचं, तर मागचं आणि पुढचं एकाच जातकुळीचं हवं. आपल्याकडे अलीकडची वर्षं तशी नाहीत. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२० साली ९०.६६ टक्के होता. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही. दहावीला ३०, अकरावीला ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के भार देऊन गुण ठरले, आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. पुढे २०२२ साली ९४.२२ आणि २०२३ साली ९१.२५. त्या २०२१च्या तुकडीचे बारावीचे ८० टक्के आणि २०२३च्या तुकडीचे ८० टक्के यांना एका रकान्यात बसवून काढलेला निष्कर्ष फसवा निघणारच. ते वर्ष वेगळं काढा, किंवा त्यासाठी स्वतंत्र खूण असलेला रकाना ठेवा.

त्यानंतर २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना शासनाने फी पूर्ण माफ केली. तुमच्या बीएस्सीला येणाऱ्या मुलींचं जुनं प्रमाण त्यानंतर जसंच्या तसं टिकेल असं गृहीत धरणं धाडसाचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवीही याच काळात लागू झाली. चौथ्या वर्षाला किती मुलं थांबतील याचा इतिहासच अजून तयार झालेला नाही. तिथे सूत्र वापरू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सरळ विचारा, आणि "हो" म्हणणाऱ्यांतली सगळी येणार नाहीत हे धरून चाला.

कोण मागे पडेल?

आता दुसरा, जास्त नाजूक प्रश्न : आलेल्या मुलांपैकी कोण शिक्षण सोडेल, कोणाचं वर्ष वाया जाईल?

सुरुवातीलाच जे विघ्न येतं त्याचा संगणकाशी काही संबंध नाही. मुलाने दाखला नेला की क्लार्क त्याचं नाव पटावरून कमी करतो आणि एक्सेलमधली ओळच काढून टाकतो. वर्षाअखेरीस फाइलमध्ये फक्त टिकलेली मुलं उरतात. गळतीचा अभ्यास करायला बसलेल्या प्राध्यापकाच्या हाती गळालेलं एकही मूल नसतं! म्हणून पहिला नियम : ओळ काढायची नाही, ‘प्रवेश रद्द’ असा रकाना करून तारीख आणि कारण लिहायचं. दुसरा नियम : हजेरी, अंतर्गत परीक्षा, फी आणि शिष्यवृत्ती या चार ठिकाणच्या याद्या जोडताना नावावर भरवसा ठेवू नका. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे आईचं नाव मध्ये, तिसरीकडे ‘पाटील’ची दोन स्पेलिंगं. पीआरएनवर जोडा.

मग ठरवा की अंदाज कोणत्या तारखेला हवा आहे. समजा पहिल्या सत्रात वर्ग सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर हवा आहे. तर त्या दिवशी जे माहीत असेल तेवढंच सूत्रात घालायचं : बारावीचे गुण, पहिल्या महिन्याची हजेरी, पहिल्या चाचणीचे गुण, महाडीबीटीचा अर्ज भरला की नाही, घर ते कॉलेज अंतर. ‘परीक्षा फॉर्म भरला नाही’ हा रकाना घातला, तर सूत्र झकास बरोबर येईल, कारण जे सोडून गेले त्यांनी फॉर्म भरलेलाच नसतो. तो अंदाज नव्हे, झाल्या गोष्टीची नोंद आहे. विकत मिळणाऱ्या प्रणालींचे चकचकीत आकडे पुष्कळदा अशाच रकान्यांतून आलेले असतात. विकणाऱ्याला प्रत्येक रकान्याची तारीख विचारा.

रकाने किती घ्यावेत? जुना आडाखा असा की ज्या घटनेचा अंदाज करायचा तिची निदान दहा उदाहरणं प्रत्येक रकान्यामागे हवीत. जुन्या नोंदींत ६० मुलांनी शिक्षण सोडलं असेल, तर सहा रकाने पुरे. लॉजिस्टिक रिग्रेशन नावाची पद्धत हे रकाने एकत्र करून प्रत्येक मुलाला शून्य ते एक यांमधली एक शक्यता देते. बारावीला ५२ टक्के, महिन्याची हजेरी ४५ टक्के, शिष्यवृत्तीचा अर्ज अपुरा अशा मुलीला ती समजा ०.३८ देईल. तुमच्याकडे फार मोठी विदा नसेल तर यापेक्षा गुंतागुंतीच्या पद्धतींनी फारसं पदरात पडत नाही, आणि या पद्धतीत कोणत्या रकान्याने किती भार टाकला ते बैठकीत समजावून सांगता येतं. तपासणी करताना मुलांची सरमिसळ करू नका. आधीच्या वर्षांवर सूत्र बसवा आणि ताज्या संपूर्ण वर्षावर आजमावा, कारण प्रत्यक्षात तुम्हाला पुढच्याच वर्षाचं सांगायचं असतं.

आता तो प्रसिद्ध सापळा. समजा पहिल्या वर्षाला ६०० मुलं आहेत आणि दर वर्षी ६० जण शिक्षण सोडतात. तुमच्या सूत्राने १०० नावं काढली, त्यांतली ४० खरोखर गेली. म्हणजे ६० नावं उगाच आली, २० सुटली. एकूण ८० चुका, अचूकता सुमारे ८७ टक्के. आता मी काहीही न करता म्हणालो, "कोणीच सोडणार नाही." माझ्या चुका ६०, अचूकता ९० टक्के! माझं सूत्र तुमच्यापेक्षा सरस ठरलं आणि त्याने एकाही मुलाचं भलं झालं नाही. म्हणून ‘अचूकता’ हा शब्द ऐकला की कान टवकारा. विचारायचे प्रश्न वेगळे : यादीत आलेल्यांपैकी किती खरोखर अडचणीत होते (इथे १००तले ४०), आणि अडचणीत असलेल्यांपैकी किती यादीत आले (६०तले ४०). दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाहिली की तुमचं सूत्र चांगलं काम करतं आहे हे दिसतं. आंधळेपणाने १०० नावं काढली असती तर त्यांत दहाच सापडली असती.

यादी किती लांब ठेवायची, हे गणितावर सोडू नका. मेंटॉर म्हणून खरोखर वेळ देऊ शकणारे दहा प्राध्यापक असतील आणि प्रत्येकाला आठ मुलांशी नीट बोलता येणार असेल, तर वरची ८० नावं घ्या. शिवाय शक्यतांची खातरजमा करा : ज्यांना सूत्राने ३० टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली, त्यांतली शंभरात तीसएक मुलं खरंच गेली का? पाच किंवा साठ गेली असतील, तर क्रम कदाचित बरोबर असेल, पण आकडा कोणाला दाखवू नका.

यादी हातात आल्यावर

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ या विषयात नेहमी पुढे केलं जातं. तिथे २०१२पासून आठशेहून अधिक प्रकारच्या धोक्याच्या खुणांवर रोज नजर ठेवली जाते. त्याची बातमी सांगताना संगणकाचं कौतुक होतं आणि दोन गोष्टी मागे पडतात : विद्यापीठाने विद्यार्थ्यांशी बोलायला डझनावारी नवे सल्लागार नेमले, आणि थोड्या थकबाकीपायी नाव कमी होऊ घातलेल्यांना काहीशे डॉलरची छोटी अनुदानं दिली. आपल्याकडेही सोयाबीनच्या काढणीला घरी गेलेला किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा "तुझी हजेरी कमी आहे" या एसएमएसने परत येत नाही. पास संपला म्हणून एसटीने येणं थांबलेल्या मुलीला पास हवा असतो. यादी करणाऱ्या समितीच्या हाती थोडाफार निधी आणि निर्णयाचा अधिकार नसेल, तर यादी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मदतीचा उपयोग झाला का, हे मोजतानाही जपा. पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘कोर्स सिग्नल्स’ या इशारा देणाऱ्या प्रणालीबद्दल असा दावा झाला होता की तिचे जास्त अभ्यासक्रम घेतलेली मुलं जास्त टिकली. २०१३ साली टीकाकारांनी उलटा प्रश्न विचारला : जी मुलं विद्यापीठात जास्त काळ टिकली, त्यांच्याच वाट्याला असे जास्त अभ्यासक्रम आले नसतील का? मेंटॉरच्या सगळ्या बैठकांना आलेली मुलं पास झाली, या वाक्यातही हीच खोट असते. बैठकांना येणारी मुलं मुळातच टिकणारी असतात. शक्यता सारख्या असलेल्या दोन गटांपैकी एकाला या सत्रात आणि दुसऱ्याला पुढच्या सत्रात मदत दिली, तर तुलना खरी होते. मनुष्यबळ अपुरं असतं तेव्हा मदत क्रमाने द्यावीच लागते. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा.

अंदाजाला निकालाची जागा देऊ नका. ब्रिटनने २०२० साली ते केलं. करोनात ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्यावर शाळेच्या जुन्या निकालांवर बसवलेल्या सूत्राने श्रेणी ठरवल्या. इंग्लंडमध्ये सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचवलेल्यापेक्षा खाली आल्या. अगदी लहान वर्गांना मात्र शिक्षकांच्याच श्रेणी मिळाल्या, आणि असे वर्ग खासगी शाळांत जास्त होते. साध्या सरकारी शाळेतल्या हुशार मुलाला त्याच्या शाळेच्या इतिहासाने खाली ओढलं. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुलं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घ्यावं लागलं. शाळेची सरासरी ठीक असेलही. पण त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर ती लिहायचा अधिकार कोणाला नव्हता.

याहून वाईट उपयोगही होतो. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नव्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, ती कच्ची मुलं ओळखण्यासाठी. टिकणाऱ्यांची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून २०-२५ जणांना सरकारी मोजणीच्या तारखेआधीच बाहेर पडायला लावायचं होतं. प्राध्यापकांनी विरोध केला, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने बातमी छापली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये अध्यक्षांना पद सोडावं लागलं. हे वाचून कपाळाला आठ्या घालण्याआधी आपल्याकडचा सतरा नंबरचा फॉर्म आठवा. शंभर टक्के निकालाच्या पाटीसाठी कच्च्या मुलाला खासगी विद्यार्थी म्हणून बसायला लावण्याची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. तुमची यादी अशा कोणाच्या हाती पडणार नाही, याची सोय लेखी करून घ्या : यादी कोण पाहील, कोणत्या कामासाठी, आणि ती कधी नष्ट होईल. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीचा कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो. कनिष्ठ महाविद्यालयातली जवळजवळ सगळी आणि पहिल्या वर्षातली काही मुलं त्यात बसतात, तेव्हा पालकांच्या संमतीचा प्रश्न सुरुवातीलाच वकिलाला विचारून घ्या.

सूत्रात जातीचा प्रवर्ग घालावा का, असा प्रश्न हमखास येतो. नावं काढण्यासाठी घालू नका. पण यादी तयार झाल्यावर प्रवर्गनिहाय आणि मुलगे-मुली अशा चुका जरूर मोजा. रकाना काढून टाकला तरी गाव, फीमाफी, शाळेचं माध्यम यांतून तो मागच्या दाराने येतोच. एखाद्या प्रवर्गातली मुलं उगाच जास्त यादीत येत असतील, तर बहुधा शिष्यवृत्तीची उशिरा आलेली रक्कम फीच्या थकबाकीत दिसत असते. ते मुलाचं लक्षण धरू नका, कार्यालयाचं काम समजा.

सुरुवात करायला पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. आजच्या पटाची एक प्रत आजची तारीख घालून वेगळी ठेवा, महिन्याभराने दुसरी, परीक्षेचे फॉर्म भरून झाल्यावर तिसरी. जुनी प्रत कोणी बदलू शकणार नाही अशी कुलूपबंद करा. पुढच्या हंगामाचा आकडा निकाल लागण्याआधी कागदावर लिहून हेडक्लार्कच्या आकड्याशेजारी सही करून ठेवा. दोन्ही कागद उघडायचे शेवटची कॅप फेरी संपल्यावर, प्राचार्यांच्या समोर.